जमिनीचा कस बांधाबाहेर ठरतो

जमिनीचा कस म्हणजे पीक पोसण्याची, पावसाचे पाणी धरून ठेवण्याची आणि जास्तीचे पाणी निचरून टाकण्याची तिची ताकद. ही ताकद काही अंशी निसर्गदत्त असते. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. त्या पाषाणाची झीज होऊन नदीकाठी पुरुषभर खोल काळी माती साचली आणि माळावर वीतभर मुरमाड थर राहिला. पण पुढे त्या मातीचे काय होते हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. जमीन कोणाच्या नावावर आहे, प्रत्यक्ष कसतो कोण, त्याला कर्ज कशासाठी मिळते, कोणत्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आहे, वीज किती वाजता येते आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी त्याचे बोलणे आहे की नाही, यावर मातीची पुढची पन्नास वर्षे ठरतात. सेंद्रिय कर्ब कमी झाल्याचे प्रयोगशाळेत कळते. तो कमी का झाला, याचे उत्तर मात्र बहुधा तलाठी कार्यालयात, विकास सोसायटीत, कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत किंवा साखर कारखान्याच्या ऊसनोंदीत सापडते.

मातीची पद्धतशीर नोंद या प्रदेशात प्रथम झाली ती सारा ठरवण्यासाठी. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी रयतवारी मोजणी सुरू केली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून शेताला सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत प्रत लावली जाई. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती म्हणजे सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष आढळले की प्रत एकेक पायरी खाली येई. मातीचे हे वाचन बारकाईचे होते, यात शंका नाही. पण त्यावर बसवलेला सारा रोख भरायचा होता आणि पाऊस पडो न पडो, तो द्यावाच लागे. जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्यांनी कर्जे काढली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्जे मात्र उभी राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. हा इतिहास सहसा कर्जबाजारीपणाचा म्हणून सांगितला जातो. तो मातीचाही आहे. गहाण पडलेल्या शेतात ताल घालायला, गाडीमागून गाडी शेणखत ओतायला कोणाचे मन होणार? शिवाय सारा आणि व्याज भागवण्यासाठी चराऊ माळही नांगराखाली आले, आणि उतारावरची पातळ माती पहिल्या काही पावसांतच ओढ्याला गेली.

जमिनीचे तुकडे पडण्याची गोष्टही तितकीच जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील शास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१च्या सुमारास त्या गावात सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, आणि तेवढी जमीनही एका जागी नव्हती. आज त्याच गावाच्या शिवारात निवासी इमारती उभ्या आहेत. शहराभोवतालच्या कितीतरी काळ्या शिवारांचे असे झाले; सिमेंटखाली गेलेली ही माती शेतीच्या हिशेबातून कायमची वजा झाली.

राज्यभराचे आकडे पुढची वाटचाल दाखवतात. १९७०-७१च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख वहितीची खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये खाती सुमारे १.५३ कोटी झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरवर उतरले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच झाला होता. पण भावाभावांत वाटण्या होताना एकाला नदीकाठची सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळा माळ, असे कोणीच मान्य करत नाही. प्रत्येक गटाचे उभे तुकडे होतात आणि रुंदीला दोन-चार तास, लांबीला शेताच्या टोकापर्यंत अशा पट्ट्या तयार होतात. अशी पट्टी उताराला आडवी नांगरता येत नाही. ट्रॅक्टर वळवायला जागाच नसते. नांगरट उताराच्या दिशेने होते आणि प्रत्येक तास पावसाळ्यात पाण्याची वाट बनतो.

बांधाचे दुखणे इथेच सुरू होते. बांध ही हद्द असते आणि माती अडवणारी भिंतही. जमीन कमी पडू लागली की दोन्ही बाजूंनी बांध कोरला जातो. दरवर्षी बोटभर कोरलेला बांध काही वर्षांत वरंब्याएवढा उरतो, मग एखाद्या जोराच्या वळवात फुटतो. बांध कोरण्यावरून झालेले दावे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुका कोर्टात सापडतील. त्या दाव्यांत हद्दीची मोजणी होते. वाहून गेलेली माती मोजली जात नाही. मृदसंधारणाच्या सरकारी कामांनाही हीच अडचण आली. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर राज्यात समपातळी बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. शास्त्राप्रमाणे बांध समान उंचीच्या रेषेने जायला हवा. ती रेषा मालकीची हद्द ओळखत नाही. शेताच्या मधूनच तिरका बांध गेला की लहान शेतकऱ्याच्या पट्टीचे दोन निरुपयोगी त्रिकोण होत. अनेकांनी ते बांध नांगरून टाकले आणि आपल्या हद्दीवरचे जुने ताल राखले. तांत्रिकदृष्ट्या कमी सरस असलेला हद्दीवरचा बांध टिकला, कारण त्याला मालक होता.

मालक कोण आणि कसणारा कोण, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. १९४८च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने लाखो कुळांना जमिनीची मालकी दिली. हे काम मोठे होते, त्याबद्दल दुमत नसावे. पण त्याच कायद्याच्या धास्तीने पुढे जमीनमालक लेखी करार टाळू लागले. आज बटाई, अर्धेली, खंड, मक्ता अशा नावांनी जमीन सर्रास कसायला दिली जाते. करार तोंडी असतो आणि मुदत बहुधा एका हंगामाची किंवा एका वर्षाची. कुळाचा हक्क लागू नये म्हणून मालक दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो. शेणखताचा परिणाम पहिल्या वर्षी थोडा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जास्त दिसतो. हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरायचा तर जमीन काही आठवडे विक्रीच्या पिकाविना ठेवावी लागते. पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे असेल की नाही, हेच ठाऊक नसलेला बटाईदार हा खर्च करत नाही. तो युरिया टाकतो, कारण युरियाचा पैसा याच हंगामात वसूल होतो. त्याला पीक कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळायची तर ती सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. अशा माणसाला मातीवर प्रेम करायला सांगणे अन्यायाचे आहे. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला लेखी मुदत आणि कर्ज मिळावे, हा त्याचा गाभा आहे. मातीच्या दृष्टीने खताच्या कोणत्याही नव्या गोणीपेक्षा ही सुधारणा मोलाची ठरेल.

सातबाऱ्यावर नाव नसलेला आणखी एक मोठा वर्ग म्हणजे शेतकरी स्त्रिया. निंदणी, खुरपणी, बियाणे राखणे, गोठा, शेण गोळा करणे ही मातीशी रोज संबंध येणारी कामे त्यांच्याकडे असतात. पीक कोणते घ्यायचे हा निर्णय मात्र बहुतेक घरांत त्यांच्या हाती नसतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले आणि अनेक गावांनी ते मनावर घेतले. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने वेगळी वाट काढली. घरच्या जमिनीपैकी एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला अशी मिश्र पिके घ्यायची आणि गांडूळखतावर भर द्यायचा. निर्णय बाईच्या हाती आला की घरच्या खाण्याची पिके परत येतात आणि त्यांच्याबरोबर कडधान्यांचा फेरपालटही येतो. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे हा बदल थेट मातीला मिळतो.

शेणखताचे गणित स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, कारण दख्खनच्या मातीत सेंद्रिय कर्ब टिकवण्याचे ते मुख्य साधन होते. उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून जातात; त्यांची भर सतत घालावी लागते. ही भर जनावरांमार्फत येत असे आणि जनावरे कडब्यावर जगत. ज्वारीचे पीक धान्यासाठी जितके घेतले जाई तितकेच कडब्यासाठी. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागला, ज्वारीला खात्रीची सरकारी खरेदी नव्हती, काढणीला मजूर मिळेना, आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीन नगदी पैसा लवकर देते. पण त्याच्या कुटाराला कडब्याची सर नाही. चारा गेला, मग बैल परवडेनासे झाले, त्यांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला. २०१२च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १.५५ कोटी गाय-बैल होते. २०१९ मध्ये ते सुमारे १.४० कोटींवर आले. याच काळात, २०१५ साली, गोवंश हत्याबंदीचा विस्तार बैलांपर्यंत झाला. भाकड जनावर विकून नवे घेण्याचा जुना मार्ग बंद झाल्याने कमी जमिनीच्या शेतकऱ्याला बैल ठेवणे आणखी जड गेले. राहिलेल्या शेणातला बराचसा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात होता. २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस घरोघरी पोचला, पण टाकीचा दर चढला की चूल पुन्हा पेटते. पऱ्हाटीही सरपण म्हणून जाते. शेतातून निघालेला प्रत्येक काडीकचरा कुठे ना कुठे जळत असेल, तर मातीला परत काय मिळणार?

धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची पद्धतही याच व्यवहाराचा भाग होती. सुगी झाली की मेंढपाळाला धान्य किंवा रोख देऊन कळप काही रात्री शेतात बसवला जाई. लेंडी आणि मूत्र थेट जमिनीत मुरे, वाहतुकीचा खर्च नाही. दिवाळीनंतर फलटण, माण भागातले कळप घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांपर्यंत जात. बारमाही बागायत वाढली तशी मोकळी रानेच उरली नाहीत, आणि ज्या शिवारात एखादाच शेतकरी रान मोकळे ठेवतो तिथे कळप उतरवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. मेंढपाळाचा आणि शेतकऱ्याचा दोघांचाही फायदा असलेला हा व्यवहार पीकपद्धती बदलल्यामुळे आटला.

ही पोकळी रासायनिक खतांनी भरली, आणि ती कशी भरली हे दिल्लीतल्या दरनिश्चितीने ठरवले. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान धोरण लागू झाले. स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे दर त्यामुळे बरेचसे खुले झाले. युरिया मात्र सरकारी दरातच राहिला. त्याची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तर डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये पडतात. हिरवेगार पीक डोळ्यांना दिसते, स्वस्त खत हाताशी असते. मग नत्राचा डोस वाढत जातो आणि जस्त, लोह, गंधक यांची उणीव मागे राहते. लहान शेतकऱ्याचा कृषी सल्लागार बहुतेक गावांत कृषी सेवा केंद्राचा चालकच असतो, कारण उधार तोच देतो. हंगामात युरियाची टंचाई झाली की युरियासोबत नको असलेले दुसरे उत्पादन घ्यायला लावतात. याला सारे लिंकिंग म्हणतात. पीक कर्जाचीही रीत अशीच आहे. एकरी किती कर्ज द्यायचे हे पिकावर ठरते आणि ते वर्षात फेडायचे असते. उसाला जास्त मिळते. निचऱ्याचा चर, तालांची दुरुस्ती, दोन-तीन वर्षांत फळ देणारे सेंद्रिय खत यांसाठी त्या तक्त्यात फारशी सोय नाही.

आर्थिक कारणांनी माती कशी बिघडते याचे सर्वांत ठळक उदाहरण नीरा आणि कृष्णा खोऱ्यांत दिसते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० साली, मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहावी लागली. कालव्यावर उसाची दाटी होऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या ब्लॉकपैकी एक तृतीयांशातच ऊस आणि बाकीच्यात इतर पिके, असा तिचा साधारण नेम होता. रोग ओळखला होता, औषधही सापडले होते. पण उसाच्या अर्थकारणापुढे ते टिकले नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने निघाले. या कारखान्यांनी ग्रामीण भागात शाळा, रस्ते, दवाखाने आणले. ते श्रेय त्यांचेच. त्यांनी उसाला हमखास गिऱ्हाईकही दिले. कायद्याने बांधलेला दर, कारखान्याची नोंद, सोसायटीचे कर्ज आणि बिलातून परस्पर वसुली ही साखळी दुसऱ्या कोणत्याही पिकाला मिळाली नाही. शेतकरी उसावर आला तो हट्टाने नव्हे; एवढी खात्री दुसरीकडे कुठेच नव्हती.

पाण्याची पट्टीही दीर्घकाळ पिकावर आणि क्षेत्रावर आकारली गेली, मोजून नव्हे. एकदा पट्टी भरली की दहा पाळ्या दिल्या काय आणि पंधरा दिल्या काय, खर्च तेवढाच. विहिरी आणि नदीवरच्या उपसा योजनांत वीज ठरवते. शेतीपंपांना दिवसातून आठ-दहा तास आणि बऱ्याचदा रात्री वीज मिळते. साप-विंचवाच्या भीतीने आणि झोपेसाठी शेतकरी मोटारीला ऑटो स्टार्टर बसवतो. मध्यरात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, पहाटेपर्यंत पाणी सरीतून वाहत राहते, सरी भरून शेताच्या खालच्या कडेला तळे साचते. सकाळी कोणी येऊन दारे बदलेपर्यंत जमिनीत गरजेच्या दुप्पट पाणी गेलेले असते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याचा खर्च वाचला, पण मोटार बंद करण्याचे उरलेसुरले आर्थिक कारणही गेले.

काळ्या चिकणमातीतून पाणी हळू झिरपते. भूजलाची पातळी वर येत येत दीड मीटरच्या आत पोचली की बारीक छिद्रांतून ओल पृष्ठभागाकडे चढते, पाणी उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. आधी सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी कड दिसते. मग उसाची उगवण विरळ होते, पाने टोकाकडून करपतात. मातीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती क्षारयुक्त. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणि सामू ८.५ च्या वर गेला की ती चोपण. चोपण जमीन ओली असताना साबणासारखी घसरते आणि वाळली की ढेकूळ फुटत नाही. कृष्णा खोऱ्यातील शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अशा जमिनी पिढ्यान्‌पिढ्या पड राहिल्या. शेती असूनही तिथल्या घरांतले तरुण मजुरीला गेले, कारण पड जमिनीवर कर्ज मिळत नाही आणि ती कोणी विकतही घेत नाही.

ही जमीन सुधारता येते. तीन-चार फूट खोल चर खणून त्यात गाळणीचे कापड गुंडाळलेला सच्छिद्र पाइप बसवतात, अनेक शेतांतले पाइप मोठ्या मुख्य पाइपला जोडतात आणि क्षार घेऊन आलेले पाणी नाल्यात सोडतात. चोपण जमिनीला आधी जिप्समची मात्रा द्यावी लागते. तंत्र जुने आणि सिद्ध आहे. अडचण दुसरीच असते. खालच्या शेतातून मुख्य पाइप गेल्याशिवाय वरच्या शेताचे पाणी निघत नाही, आणि खालच्या शेताचा मालक कदाचित बांधाच्या दाव्यातला प्रतिवादी असतो. एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाइप घातले तर पाणी सोडायचे कुठे? खर्चही एकट्याला न झेपणारा. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गावोगाव बैठका घेऊन शेतकऱ्यांचे गट बांधले, बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि शेकडो एकरांचे सलग पट्टे एकदम निचऱ्याखाली आणले. उसाने बिघडलेली जमीन उसाच्याच संस्थेने सुधारायला घेतली. पाइप बसवण्याआधी भावकीतली भांडणे मिटवावी लागली, हे त्या कामातले खरे अवघड काम होते. वरून पाणी देण्याची पद्धत बदलली नाही तर पाइपही पुरणार नाहीत. ठिबक आणि मोजून पाणी ही त्याची दुसरी बाजू आहे.

पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला तर काय होते, हे पुरंदर तालुक्यातील नायगावने दाखवले. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकराला, द्यायचे; भूमिहीनालाही पाण्यात वाटा; जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही; आणि ऊस लावायचा नाही. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील, आजच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. मोकाट चराई, कुऱ्हाड, सिंचनासाठी कूपनलिका आणि ऊस-केळीसारखी पिके यांवर गावाने स्वतःच बंदी घातली. चराई थांबल्यावर डोंगरावर गवत आले; ते कापून नेता येऊ लागले, दुभती जनावरे वाढली आणि शेणखत परत शेतात आले. नियम सर्वांना सारखे लागू झाले म्हणून ते पाळले गेले.

संस्था मोडली की माती कशी मोडते, हे गोव्याच्या खाजण जमिनींत पाहायला मिळते. मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांलगत समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या या जमिनी गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून खाऱ्या पाण्यातून मिळवल्या. बांधात जागोजाग मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी, असते. भरतीच्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आत कोरगुटासारखा खारेपणा सोसणारा भात पिकतो. माती, पेंढा आणि चिऱ्याचे हे बांध सतत डागडुजी मागतात. ती गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद, ही संस्था करी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि त्या पैशातून बांधावर खर्च होई. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकी मिळाली. ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे आली तेव्हा तिच्यामागची शिस्त आणि निधी तितक्याच सहजपणे आला नाही. मासळी आणि कोळंबीला भातापेक्षा कितीतरी जास्त पैसा मिळू लागल्यावर मानशीचा लिलाव घेणाऱ्याचा फायदा दार उघडे ठेवण्यात होता. खारे पाणी आत खेळत राहिले. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जच्या लाटांनीही नदीकाठचे बांध खचले. एकदा मोठे भगदाड पडले की त्या खाजणातल्या साऱ्यांचीच शेते खारी होतात, आणि मग जो अजून भात लावू पाहतो त्याचाही निरुपाय होतो. रायगड जिल्ह्यातल्या खारभूमीची कहाणी याच वळणाची आहे. तिथे शेतकऱ्यांनी श्रमदानाने राखलेले बांध पुढे सरकारी खात्याच्या हाती गेले आणि दुरुस्ती अंदाजपत्रकाची वाट पाहू लागली.

मजुरीचा प्रश्न माती बिघडवतो तसा कधी सुधारतोही. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते. ते सरीत ठेवले तर ओल टिकते आणि कर्ब वाढतो. तरी तोडणीनंतर शिवारात आग दिसते, कारण खोडव्याची मशागत लवकर उरकायची असते, कुट्टीचे यंत्र वेळेवर मिळत नाही आणि काडीपेटीला खर्च नाही. उलट कोकणात माणसे मुंबईला गेली, लावणीला हात मिळेनात, तेव्हा नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवले. नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यावर भात टोकायचा आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. शेतकरी आले ते मजुरी वाचते म्हणून. माती भुसभुशीत झाली, गांडुळे वाढली, हा त्यांना नंतर दिसलेला लाभ. यातून धोरणाने घेण्यासारखा धडा मोठा आहे. मातीच्या हिताची गोष्ट शेतकऱ्याच्या याच वर्षीच्या हिशेबात बसली तर ती उपदेशाविना पसरते.

सरकारी योजनांची कसोटीही हीच. धरणांतला गाळ शेतात टाकण्याची योजना राज्यात २०१७ साली आली. गाळ फुकट होता, पण वाहतूक शेतकऱ्याची; ज्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्या माळाचे सोने झाले. अल्पभूधारकांना आणि विधवा शेतकरी स्त्रियांना वाहतुकीसाठी अनुदान पुढे देण्यात आले, तेव्हा कुठे हा गाळ ज्यांची माती सर्वांत पातळ त्यांच्या शेतापर्यंत जाऊ लागला. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये असे बारा घटक सांगते. ती उपयोगी आहे आणि प्रत्येक शेतकऱ्याने ती वाचावी. मात्र ती सातबाऱ्यावरच्या नावाने निघते, कसणाऱ्या बटाईदाराच्या हाती पडेलच असे नाही. आणि तिने सुचवलेले शेणखत विकत घ्यायला पीक कर्जात पुरेशी तरतूद नाही.

म्हणून ग्रामसभेत पाण्याच्या ताळेबंदाबरोबर मातीचाही ताळेबंद मांडला जावा. गावात किती ट्रॉल्या शेणखत तयार होते, किती पाचट जळते, कोणते बांध फुटले आहेत, कोणत्या गटांत पांढरी कड दिसू लागली आहे आणि किती एकर तोंडी बटाईवर आहे, हे पाच प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. क्षारांची कड पहिल्यांदा दिसते त्याच वर्षी शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून निचऱ्याचा चर काढला तर खर्च थोडा येतो. जमीन पड पडल्यावर तोच खर्च कर्जाशिवाय होत नाही.